विक्रेत्याचे अज्ञान

न जाणता केलेल्या कृत्याचा दोष कर्त्यावर किती ठेवावा, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. सामान्य व्यवहारात आपण त्याचा निकाल एका वाक्यात लावतो: बिचाऱ्यास ठाऊक नव्हते. इतके म्हटले की कर्ता सुटला व प्रकरण मिटले. अ‍ॅरिस्टॉटलला हा निकाल मान्य नव्हता. जे अज्ञान टाळणे कर्त्याच्या हाती होते, त्या अज्ञानाबद्दलच त्यास दंड करणे न्याय्य होय, असे त्याचे मत होते. क्लिफर्ड नामक इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर जो निबंध लिहिला, त्यात तर त्याने याहून पुढची पायरी गाठली. त्याचा जहाजमालकाचा दृष्टांत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस परिचित असेल. जहाज जुने होते, त्याविषयी मालकाच्या मनात शंकाही आल्या होत्या; परंतु आजवर इतक्या सफरी त्याने सुखरूप केल्या, तेव्हा हीही करील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली, व ती इतकी चांगली घातली की त्यास ती खरीच वाटू लागली. जहाज बुडाले, माणसे गेली. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास प्रामाणिक होता हे खरे. परंतु त्याच्यापुढे जो पुरावा होता, त्यावरून तसा विश्वास बाळगण्याचा त्यास अधिकारच नव्हता.

आम्हांस या दृष्टांताची आठवण ज्या ठिकाणी झाली, ते ठिकाण समुद्राइतके भव्य नाही. ती होती एका दुकानातील काचेची पेटी, आणि तीत एक वीतभर सरडा होता.

अमेरिकेत पाळीव प्राणी व त्यांचे खाद्य विकणाऱ्या दुकानांच्या मोठ्या साखळ्या आहेत. एका मालकीची, एका नमुन्याची ही दुकाने गावोगाव पसरलेली असतात. यांतील दोन सर्वांत मोठ्या साखळ्या कुत्री व मांजरे मुळीच विकत नाहीत. उलट अनाथ कुत्र्यामांजरांस घर मिळवून देणाऱ्या संस्थांस त्या आपल्या दुकानात जागा देतात. ही गोष्ट निःसंशय स्तुत्य आहे. कॅलिफोर्निया राज्याने तर २०१७ साली कायदाच केला की, दुकानदाराने पैदास केंद्रांतून आणलेली कुत्री, मांजरे व ससे विकू नयेत. २०१९ च्या आरंभापासून तो अमलात आहे. परंतु त्या कायद्यात सरडा नाही, साप नाही, कासव नाही. संयुक्त संस्थानांच्या १९६६ च्या प्राणिकल्याण कायद्याची १९७० पासूनची व्याख्या पाहिली, तर तीत उष्ण रक्ताचे प्राणीच काय ते 'प्राणी' या संज्ञेस पात्र ठरतात. सारांश, ज्याचे रक्त थंड, तो त्या कायद्यापुरता प्राणीच नव्हे! कासवाच्या पिलांच्या विक्रीवर तेथे १९७५ पासून निर्बंध आहे हे खरे. चार इंचांहून लहान कवचाचे कासव विकता येत नाही. परंतु तो नियम कासवाच्या कळवळ्याने झालेला नाही. लहान मुले कासवे हाताळीत, तोंडास लावीत, व त्यांस साल्मोनेला जंतूंचा विकार जडे, म्हणून तो झाला.

न्यू जर्सीत आमच्या पुतण्याकडे आम्ही काही आठवडे राहिलो असता त्याच्या दहा वर्षांच्या मुलास सरडा पाळण्याची हौस आली, व त्यानिमित्त अशा एका दुकानात आमचे जाणे झाले. 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणून ओळखला जाणारा तो सरडा. विकणारा मुलगा वीस वर्षांचाही नसेल. अत्यंत विनयशील व हसतमुख. त्याने आमच्या नातवास सांगितले की, या प्राण्याचे काही करावे लागत नाही; पेटी खिडकीशी ठेवली म्हणजे ऊन मिळते, निराळा दिवा नको; आणि पेटी लहान असली तरी चिंता नाही, कारण हा प्राणी पेटीच्या मापानेच वाढतो. आमच्या सूनबाई औषधशास्त्राच्या पदवीधर आहेत. त्यांनी दोन प्रश्न विचारले, त्याने तितक्याच विनयाने दोन चुकीची उत्तरे दिली, व आम्ही सरड्यावाचून घरी परतलो.

त्याचे बोलणे का चुकीचे होते, हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे; कारण यातील प्रत्येक चूक ऐकण्यास अगदी समंजस वाटते. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रूक्ष प्रदेशातला. त्याच्या शरीरात आपल्यासारखी ऊब उत्पन्न होत नाही. ती त्यास बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीच्या एका टोकास सुमारे चाळीस अंश उष्णता व दुसऱ्या टोकास त्याहून पुष्कळ गारवा असला, तरच तो आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जाऊन आपले शरीर सांभाळू शकतो. ऊब कमी पडली तर पोटातले अन्नही पचत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण कातडीवर पडून जे 'ड' जीवनसत्त्व तयार होते, त्यावाचून अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून काढू लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीस बाक येतो, अंगास कंप सुटतो. आपल्या घरांतील जुन्या बायका ज्यास मुडदूस म्हणत, त्याचाच हा भाऊबंद. आणि खिडकीची साधी काच उजेड आत सोडते, ऊबही सोडते. परंतु या कामाचे जे नेमके किरण, तेच अडविते. म्हणजे तो प्राणी लख्ख उन्हात पडून राहावा व त्याची हाडे अंधारात ठेवल्यासारखी झिजावी, असा हा प्रकार आहे. पेटीच्या मापाने वाढण्याची कथा तर केवळ भाकडकथा होय. हा सरडा शेपटीसह सुमारे दीड ते दोन फूट होतो. लहान पेटीत तो खुजा राहिला, तर ते पेटीशी जुळवून घेणे नव्हे, कुपोषण होय.

आता दोषी कोण? त्या मुलास दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तो सकाळी माशांची टाकी धुतो, दुपारी कुत्र्यांच्या खाद्याची पोती उचलतो, संध्याकाळी गल्ल्यावर उभा राहतो. सरड्याविषयी जे त्यास ठाऊक आहे, ते बहुधा त्याच्या आधी काही महिने लागलेल्या दुसऱ्या मुलाकडून त्याने ऐकले असावे. त्याने आम्हांस फसविले नाही. स्वतःच्या मुलासही त्याने हेच सांगितले असते. मला ठाऊक नाही, हे एक वाक्य मात्र त्यास कोणी शिकविले नव्हते. गिऱ्हाइकाशी हसून बोलावे, त्यास रिकाम्या हाताने पाठवू नये, हे सर्व शिकविले होते. आमच्या महाविद्यालयीन परीक्षांतही हे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही शून्य देतो, ही गोष्ट येथे उगाच आठवली.

मालकाची गोष्ट निराळी. कोणत्या गावच्या दुकानात कोणत्या फळीवर कशाच्या किती पिशव्या उरल्या, हे ज्यास रोज कळते, त्याने सरड्यास कोणता दिवा लागतो हे आम्हांस कळू शकले नाही, असे म्हणणे हास्यास्पद होय. ते ज्ञान गुप्त नाही. पशुवैद्यांच्या ग्रंथांत ते आहे. इतकेच नव्हे, या साखळ्या निगेसंबंधी जी पत्रके छापतात, त्यांतही त्यातील पुष्कळसे आढळते, व ती सगळीच वाईट असतात असे नाही. परंतु पत्रक एक सांगते व फळी दुसरेच. तापविलेले कृत्रिम दगड वर्षानुवर्षे दुकानांतून विकले गेले, व त्यांवर पडून राहिलेल्या सापासरड्यांची पोटे भाजल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत जुनीच आहेत. शिवाय एकट्या दुकानदाराची चूक त्याच्या गल्लीपुरती राहते. साखळीची चूक एकाच दिवशी शेकडो गावी घडते.

हे सर्व मान्य करूनही कोणी म्हणेल की, चूक आज ना उद्या अनुभवाने सुधारेलच. व्यापारात खोटा माल फार दिवस खपत नाही. आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म येथेच आहे. शिळा पाव विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तणतणत येते. कुत्रे आजारी पडले तर ते विव्हळते, लंगडते, घरादारास जागे ठेवते. सरपटणारा प्राणी विव्हळत नाही. त्याच्या शरीराचे व्यापार इतके मंद असतात की त्याचे मरणही मंदच असते. 'बॉल पायथन' हा आफ्रिकेतील लहान अजगर धडधाकट असतानाही कित्येकदा महिनोन् महिने अन्नास शिवत नाही. तेव्हा आजाराने अन्न टाकलेला अजगर नवख्यास कसा ओळखू यावा? दुकानाने दिलेली हमी काही दिवसांची किंवा आठवड्यांची असते, आणि हाडे वाकावयास महिने लागतात. ती वाकतात ती दुकानात नव्हे, कोणाच्या तरी निजण्याच्या खोलीत. मूल रडते, आईबाप समजूत घालतात की, त्याचे आयुष्यच तेवढे. पशुवैद्याची फी जनावराच्या किमतीहून अधिक, म्हणून पुष्कळदा वैद्याऐवजी पुन्हा त्याच दुकानाची वाट धरली जाते. दुकानाच्या वहीत मृत्यूची नोंद होत नाही, दुसऱ्या विक्रीची होते.

म्हणजे ज्या अनुभवाने इतरत्र अज्ञान घटते, त्याच अनुभवाने येथे ते पक्के होते. शेकडो विकले, कोणी तक्रार घेऊन आले नाही, असे तो मुलगा पाच वर्षांनी म्हणेल, व ते अक्षरशः खरे असेल. जहाजमालकही हेच म्हणत होता. फरक इतकाच की त्याचे जहाज बुडाल्याची वार्ता निदान बंदरात पोहोचली. जेथे चुकीची वार्ता परत येतच नाही, तेथे विक्रीच्या आधी ज्ञान मिळविण्याची जबाबदारी इतर कोणत्याही व्यापाराहून अधिक कडक मानली पाहिजे.

आपल्याकडे नागपंचमीस दारी येणारा गारुडी वाचकांस आठवत असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग बाळगण्यास बंदी झाली, तरी ती चाल कित्येक वर्षे रेंगाळली. नागास दूध पचत नाही. तो ते पिई, कारण त्यास आधी तहानेने व्याकूळ केलेले असे. पूजा करणाऱ्या बाईस हे ठाऊक नव्हते, गारुड्यास होते. तेथे लबाडी होती, म्हणून लबाडास पकडता येत होते. साखळीच्या दुकानात कोणीच लबाड नाही. घेणारा भाबडा, विकणारा भाबडा, मालक आकडेमोडीत गुंतलेला. आणि प्राणी मात्र तसाच मरतो. आमच्या मते हा दुसरा प्रकार नीतिदृष्ट्या अधिक अवघड आहे, कारण रागवावयास समोर कोणी सापडत नाही.

घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हे जुने सूत्रही येथे लागू पडत नाही. कापड फाटके निघाले तर घेणारा फसला, व फसण्याची हानीही त्याचीच. येथे सौदा दोघांत होतो आणि हानी तिसऱ्याची होते, ज्यास कोणी विचारले नाही. इंग्लंडात हे तत्त्व कायद्यात उतरले आहे. तेथील २००६ चा प्राणिकल्याण कायदा सर्व पृष्ठवंशी प्राण्यांस लागू आहे, मग रक्त उष्ण असो वा थंड. आणि २०१८ च्या नियमांन्वये परवानाधारक विक्रेत्याने घेणाऱ्यास त्या प्राण्याच्या निगेची माहिती देणे बंधनकारक आहे. सोळा वर्षांखालील मुलास प्राणी विकताही येत नाही. कागदावरचा नियम तेथेही सर्वत्र पाळला जातो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जाणणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, एवढे तरी त्याने नोंदविले आहे.

आपल्या देशातही २०१८ सालीच पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयी नियम झाले. तथापि आपल्या शहरांतील माशांच्या दुकानांत लाल कानशिलाची अमेरिकन कासवे हाताच्या दोन बोटांत मावतील एवढी असताना विकली गेली आहेत. ती पुढे जेवणाच्या ताटाएवढी होतात, तेव्हा घरातील मंडळी गांगरतात व दयाबुद्धीने त्यांस जवळच्या तळ्यात सोडून येतात. तेथे ती देशी कासवांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतात. एका अज्ञानातून निघालेली ही दयाही अज्ञानीच.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पेटीवर आज जी किमतीची चिठ्ठी असते, तीवरच तितक्याच मोठ्या अक्षरांत त्या प्राण्याचे पूर्ण वाढीचे माप व त्याचे संभाव्य आयुष्य छापावे. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली एका गृहस्थाने आपला बॉल पायथन देऊन टाकला होता. त्या मादीने २०२० साली, वयाच्या सुमारे बासष्टाव्या वर्षी, अंडी घातली. वाढदिवसाची भेट म्हणून अजगर मागणाऱ्या मुलाच्या बापाने हा आकडा वाचावा, आणि मग खिशात हात घालावा.