होय की नाही?



संध्याकाळी घरभेटीला गेलो की बऱ्याच घरांत टीव्हीवर राजकीय मुलाखत चालू असते. आम्ही आत आल्यावर आवाज कमी होतो, टीव्ही काही बंद होत नाही! मुलाखतकार पुढाऱ्याला दरडावतो, "होय की नाही, एवढंच सांगा." पुढारी अडखळला की घरातले खूश. "बघा फादर, कसा पकडला!"

आम्हालाही ते पाहायला आवडते, हे कबूल केले पाहिजे. पण पकडला म्हणजे नेमके काय झाले?

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक जुना प्रश्न आमच्यापुढे ठेवला जाई : "तू बायकोला मारायचे सोडलेस का?" होय म्हटले तर पूर्वी मारत होता, नाही म्हटले तर अजून मारतो. ज्याने कधी हात उचलला नाही, त्याने काय सांगावे? दोन प्रश्न एकात बांधून एकच उत्तर मागायचे, ही फसवणूक ॲरिस्टॉटलने तेवीस शतकांपूर्वीच ओळखली होती. दुसरी युक्ती याहून सोपी. समोरचा बोलतो एक, आणि मुलाखतकार म्हणतो, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की..." पुढे भलतेच वाक्य. खुलासा करीपर्यंत ब्रेक! मुलाखतकाराने खोटे काहीच सांगितलेले नसते, फक्त प्रश्न विचारलेला असतो. तरी आठवी आज्ञा मोडलेली असते. शेजाऱ्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ घ्यावा, तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे, असा संत इग्नेशियसचा नियम आहे.

मत्तयच्या बाविसाव्या अध्यायात परुशी आणि हेरोदी पक्षाचे लोक येशूला असेच विचारतात : कैसराला कर द्यावा की देऊ नये? देऊ म्हटले तर लोक चिडणार, देऊ नये म्हटले तर राजद्रोह. येशू त्यांच्याकडे नाणे मागतो. होय नाही, आणि नाहीही नाही. आजच्या स्टुडिओत "उत्तर टाळलं" अशी पट्टी खाली फिरली असती!

इथेच खरी अडचण आहे. मग उत्तर टाळणारा प्रत्येक पुढारी म्हणेल, प्रश्नच सापळा होता. मे १९९७ मध्ये बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला : तुरुंग खात्याच्या प्रमुखाला त्यांचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का? हा सापळा नव्हता. धमकी दिली होती किंवा नव्हती. हॉवर्ड मात्र आडवळणानेच बोलत राहिले. पण पुढे पॅक्समन यांनीच सांगितले, की नंतर दाखवायची चित्रफीत तयार नव्हती, म्हणून वेळ भरून काढायला तोच प्रश्न चालू ठेवला! प्रश्न सरळ होता, त्याच्या पुनरावृत्तीचे कारण वेगळेच होते. पाहणाऱ्याला हे कसे कळावे?

येशूच्या बाबतीत संशय राहत नाही. मार्कच्या चौदाव्या अध्यायात महायाजक सरळ विचारतो, तू ख्रिस्त आहेस काय? येशू सरळ होकार देतो. त्या होकाराने मरण येणार हे ठाऊक असूनही! नाण्याच्या वेळी तो भिऊन गप्प नव्हता, हे आपल्याला इथे कळते.

टीव्हीवाल्यांना नावे ठेवून आम्हाला सुटता येणार नाही. पॅरिश कौन्सिलच्या एका बैठकीत एका सद्गृहस्थांनी बांधकामाच्या खर्चाचा तपशील विचारला. आम्ही म्हणालो, "म्हणजे तुम्हाला हे काम व्हायलाच नको आहे तर." सगळे हसले. ते खाली बसले आणि पुढच्या दोन बैठकांना आले नाहीत. शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो. टीव्ही चालू होता. त्यांनी आवाज कमी केला, चहा सांगितला. आम्ही त्यांची माफी मागितली आणि म्हणालो, "त्या दिवशीचा तुमचा प्रश्न पुन्हा विचारा."

त्यांनी टीव्ही बंद केला.