स्विच केल्यावर दोष कुणाचा?

19 जून 2016. एनबीए फायनलचा सातवा सामना, 89-89, जेमतेम मिनिट उरलंय. जे. आर. स्मिथ अंगाची भिंत करून उभा राहतो. आयर्विंगला अडवणारा क्ले थॉम्पसन आता स्मिथला धरतो आणि आयर्विंग येतो स्टेफन करीच्या वाट्याला. थ्री आत. क्लीव्हलंड जिंकतं.

पिक अँड रोलवर माणसं बदलायची, हा वॉरियर्सचा सामूहिक करार. त्याने कुणी मोकळा सुटत नाही. पण कुणाला गाठायचं हे समोरचा ठरवतो. क्लीव्हलंडने करीला गाठलं. खेळच तो, त्यात गैर काय? मला खटकतो तो हिशेब: करार पाच जणांचा, उधारी मात्र एकट्याच्या नावावर. थॉम्पसन भिंतीला वळसा घालत मागे पडला असता, तर बोल त्याला लागला असता. व्हिडिओ पुन्हा बघा, करीचा हात वरच आहे.