डॉनची वकिली बंद करा

मुलांनो, मारिओ पुझोच्या ‘द गॉडफादर’वर तुम्ही लिहून दिलेली मतं मी वाचली. एकही कागद वगळला नाही. आता फोन खाली ठेवा आणि नीट ऐका. आज मी गोड बोलणार नाही.

कादंबरी तुम्हाला आवडली याचा मला राग नाही. 1969 साली आलेलं हे पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत 67 आठवडे ठाण मांडून होतं. जगभर लोकांनी ते रात्र जागवून वाचलं. तुम्हीही जागलात, चांगलं केलंत. राग याचा आहे की चार-साडेचारशे पानं वाचून तुम्ही त्यातलं फक्त माफियाचा प्रमुख डॉन व्हिटो कॉर्लिओन याचं म्हणणं उचललंत. तो स्वतःबद्दल जे सांगतो ते खरं मानलंत आणि त्याच्या हातून जे घडतं ते विसरून गेलात. वाचायला बसलात आणि वकीलपत्र घेऊन उठलात.

पहिली गोष्ट. काही जणांनी डॉनचा मुलगा फ्रेडो याच्या मरणाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. भावानंच भावाला मारवलं, तळ्यातल्या होडीत गोळी घातली, वगैरे. हा प्रसंग कादंबरीत कुठल्या पानावर आहे, दाखवा मला. नाही सापडणार. कादंबरी संपते तेव्हा फ्रेडो जिवंत आहे. ती होडी आणि ते तळं दिग्दर्शक कोपोलाच्या 1974 सालच्या ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या सिनेमातलं आहे. व्हिटो मोठेपणी सिसिलीला जाऊन बापाचा सूड घेतो, तेही सिनेमातलंच. कादंबरीतल्या बारा वर्षांच्या व्हिटोला नातेवाईक लपवतात, अमेरिकेला धाडतात आणि सुडाचा तो प्रवास पुस्तकात कुठेच येत नाही. सिनेमा पाहून पुस्तकावर मत ठोकून देणं ही सरळसरळ लबाडी आहे. ज्यांनी ती केली, त्यांचे कागद मी परत करणार आहे. पुस्तक वाचा, मग बोला.

आता ज्यांनी खरंच वाचलं, त्यांच्याकडे वळते. तुमच्यावरचा राग जास्त आहे, कारण पुरावा तुमच्या हातात होता.

‘डॉननं गरिबांना न्याय दिला.’ जवळजवळ प्रत्येकानं हे लिहिलंय, एकमेकांची री ओढत. दाखला कुणाचा, तर बोनासेराचा. ठीक आहे, तोच घेऊ. कादंबरी कोर्टात सुरू होते. दोन पोरांनी बोनासेराच्या मुलीला तिचा जबडा मोडेपर्यंत मारलंय. न्यायाधीश तीन वर्षांची शिक्षा सुनावतो आणि त्याच दमात ती स्थगित करतो. पोरं मोकळी होतात. मुलीचा बाप डॉनकडे जातो. इथे तुमचं रक्त खवळलं, ते खवळायलाच हवं. पण पुढं वाचा. सोलोझो नावाचा माणूस डॉनकडे भागीदारीचा प्रस्ताव घेऊन येतो, तेव्हा त्याला डॉनकडून नेमकं काय हवं असतं? पैसा हवाच असतो, पण त्याहून जास्त हवे असतात डॉनच्या मुठीतले न्यायाधीश आणि राजकारणी. साऱ्या न्यूयॉर्कमध्ये डॉनची ताकद यासाठीच प्रसिद्ध आहे.

आता हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा. बोनासेराला न्याय नाकारणारं कोर्ट वशिल्यानं चालतं. डॉनचं सगळं साम्राज्यही न्यायाधीश विकत मिळतात या एकाच गोष्टीवर उभं आहे. उद्या न्यूयॉर्कचे सगळे न्यायाधीश प्रामाणिक झाले, तर बोनासेराला डॉनची गरज उरणार नाही आणि डॉनचा धंदा महिन्याभरात बसेल. कोर्ट कुजलेलं राहण्यातच ज्याचा फायदा आहे, त्याला तुम्ही न्यायदाता म्हणता? विचार करून लिहिलंत का हे?

आणि त्या न्यायाची किंमत काय? डॉन बोनासेराकडून पैसे घेत नाही. एक दिवस मी काही मागेन, तेव्हा नाही म्हणायचं नाही, एवढंच बजावतो. काहींनी लिहिलंय, ‘किती मोठं मन!’ हे मोठं मन नाही. हे कर्ज आहे, आणि त्याची रक्कम, मुदत, व्याज सगळं सावकाराच्या मर्जीवर आहे. डॉनचं बोलावणं येतं त्या रात्री बोनासेरा भीतीनं कसा गारठतो, ते पान पुन्हा उघडा. आपल्याला खुनात ओढणार, आपल्या हातून प्रेताची विल्हेवाट लावून घेणार, या विचारानं तो अर्धा होतो. ज्याच्या उपकाराची आठवण आली की पोटात गोळा येतो, तो माणूस कुणाला स्वतंत्र ठेवत नसतो.

‘त्यानं ड्रग्जला नकार दिला, म्हणजे तो तत्त्वाचा होता.’ नकाराचं कारण तो स्वतः सांगतो. जुगार आणि दारू राजकारण्यांना चालते, पण ड्रग्ज म्हटलं की हे मित्र पाठ फिरवतील. हा धंद्याचा हिशेब झाला, यात तत्त्व कुठे आलं? पुढे डॉनचा मुलगा सनी मारला जातो, पाच माफिया कुटुंबांची बैठक बसते आणि तडजोड ठरते. ड्रग्जचा व्यापार चालू राहील आणि कॉर्लिओन कुटुंब आपलं राजकीय वजन त्याच्या पाठीशी उभं करील, यावर डॉन मान डोलावतो. हेच तुमचं तत्त्व का? पुझोनं हे लपवलेलं नाही, स्वच्छ लिहिलंय. तुम्ही पहिला नकार पाठ केलात आणि नंतरचा होकार गाळलात.

‘सगळं कुटुंबासाठी केलं.’ हे वाक्य वाचून माझं डोकं सर्वात जास्त तापलं, विशेषतः मुलींनी लिहिलेलं वाचून. डॉनची एकुलती एक मुलगी कॉनी. तिचा नवरा कार्लो तिला मारतो. अंगावर वळ घेऊन ती बापाकडे येते आणि हा कुटुंबवत्सल बाप तिला सांगतो की नवरा-बायकोच्या मध्ये मी पडणार नाही, घरी जा आणि तो मारणार नाही असं वागायला शीक. ज्याच्या एका शब्दावर माणसं मरतात, त्याला आपल्या पोटच्या पोरीसाठी तोंड उघडता येत नाही. पुढं तिचाच मार सनीला मृत्यूच्या सापळ्यात ओढायला वापरला जातो. मग तिचा भाऊ मायकेल तिच्या मुलाचा धर्मपिता होतो आणि त्याच मुलाच्या बापाला गळा आवळून मारवतो. नंतर स्वतःच्या बायकोच्या डोळ्यांत बघून खोटं बोलतो. या घरात जे जे बळी जातात, ते कुटुंबाच्या नावानंच जातात. कुटुंब हा शब्द डॉन ढालीसारखा पुढं करतो. तुम्ही ती ढाल त्याच्यासाठी उचलून धरली.

आता डॉनचा मारेकरी लुका ब्रासी. काहींनी त्याला ‘निष्ठावान’ म्हटलंय. सिनेमात तो एक अवघडलेला, भोळसट राक्षस दिसतो. कादंबरीत सिसिलीतली फिलोमेना नावाची म्हातारी, जी कधीकाळी न्यूयॉर्कमध्ये सुईण होती, मायकेलला त्याची खरी हकिकत सांगते. लुकानं तिला एक बाळंतपण करायला नेलं, मूल जन्मलं आणि त्यानं ते तान्हं मूल भट्टीत टाकायला लावलं. मूल त्याचं स्वतःचं होतं. त्या मुलाची आईही नंतर मारली गेली. पुढं काय झालं, ते महत्त्वाचं आहे. डॉनला हे सगळं कळतं. तो लुकाला वाचवतो, तुरुंगातून सोडवतो आणि आयुष्यभरासाठी आपल्या पदरी बांधून ठेवतो, कारण असा माणूस उपयोगी असतो. कुटुंबासाठी जगणाऱ्या डॉनच्या कुटुंबाच्या संरक्षणाला कोण उभा होता, हे पुझोनं पुस्तकात सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणीही या पानांचा उल्लेख केला नाही. ही पानं तुम्हाला अडचणीची वाटली, म्हणून तुम्ही ती ओलांडून गेलात. वाचकानं नेमकं अडचणीच्या पानावर थांबायचं असतं.

सिसिलीचा विषय निघालाच आहे, तर तेही बोलू. मायकेल तिथं लपलेला असताना एक गोष्ट शिकतो. तिथला माफिया गरिबांचा कैवारी राहिलेला नाही, तो जमीनदारांचा हस्तक झालाय आणि लहानात लहान धंद्यावरही आपला कर लावतोय. हे पुझोनं उगीच रंगवलेलं नाही. कॉर्लिओन हे खरं गाव आहे. कादंबरीतला मायकेल ज्या काळात त्या भागात दिवस काढतो, त्याच काळात, 10 मार्च 1948 रोजी, त्याच कॉर्लिओनमध्ये प्लाचिदो रिझोत्तो नावाच्या कामगार पुढाऱ्याचा खून झाला. भूमिहीन शेतकऱ्यांना पडीक जमिनी मिळवून देण्यासाठी तो लढत होता. प्रेत डोंगरातल्या एका खोल कपारीत फेकून दिलं. त्याचे अवशेष त्याचेच आहेत हे सिद्ध होऊन सरकारी इतमामात अंत्यसंस्कार व्हायला 2012 साल उजाडलं. त्या काळी गावच्या माफियाचा म्होरक्या कोण होता? मिकेले नव्हारा, पेशानं डॉक्टर, गावच्या रुग्णालयाचा प्रमुख. लोक त्याच्यापुढे आदरानं मान झुकवत.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. 1991 साली सिसिलीतल्याच पालेर्मोतला कपड्यांचा कारखानदार लिबेरो ग्रासी यानं खंडणी द्यायला नकार दिला आणि तसं वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. इतर व्यापाऱ्यांनी त्याला एकटं पाडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला घरासमोर गोळ्या घालण्यात आल्या. 1992 मध्ये माफियाविरुद्ध उभे राहिलेले न्यायाधीश जोव्हानी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेलिनो दोन महिन्यांच्या अंतरानं बॉम्बस्फोटात मारले गेले. कुणाच्याही खिशात न बसणारे न्यायाधीश माफियाला का परवडत नाहीत, ते इथे कळतं. यातल्या कुणाचंही नाव तुम्हाला ठाऊक नाही. डॉनच्या कोटावरचं फूल मात्र सगळ्यांना आठवतं. याची लाज वाटली पाहिजे.

दुसऱ्या टोकाचे शहाणेही वर्गात आहेत. ‘पैशासाठी लिहिलेलं धंदेवाईक पुस्तक, साहित्य नव्हे,’ असं दोन ओळींत निकालात काढून ते मोकळे झाले. पैशासाठी लिहिलं, हे खरं आहे आणि पुझोनं ते कधी लपवलं नाही. त्याच्या डोक्यावर वीस हजार डॉलर्सचं कर्ज होतं. आधीची ‘द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ ही 1965 सालची कादंबरी समीक्षकांनी वाखाणली, पण खपली नाही. इतके लोक वाचणार हे ठाऊक असतं तर आणखी चांगलं लिहिलं असतं, असंही तो पुढे म्हणाला. हे सगळं कबूल. पण पोटासाठी लिहिलं म्हणून लिखाण हलकं ठरत नाही, ते वाचून ठरवायचं असतं. ल्युसी मॅन्सिनीचं प्रकरण लांबलंय, जॉनी फॉन्टेनची हॉलिवुडातली पानं सैल आहेत, बायकांकडे बघण्याची नजर अनेक ठिकाणी ओंगळ आहे. हे कुणी पुराव्यानिशी लिहिलं असतं, तर मी पाठ थोपटली असती. पण न वाचता नाक मुरडणं आणि न विचार करता आरती ओवाळणं, दोन्ही आळसच.

पुझोचं कौशल्य कशात आहे, ते ऐका. कथा सांगणारा आवाज सतत डॉनच्या बाजूनं बोलतो. आदरानं, शांतपणे, पुराणातल्या राजाबद्दल बोलावं तसा. त्या आवाजानं आपण भारावतो. आणि तोच आवाज, स्वर न बदलता, भट्टीतल्या मुलाची गोष्ट सांगून जातो. डॉन तोंड उघडतो तेव्हा आपल्या कानांत आईचा आवाज घुमायचा, असं पुझोनं लिहून ठेवलंय. माया आणि दहशत एकाच माणसात, एकाच भाषेत त्यानं अशी विणली की वाचकाला स्वतःची बाजू स्वतः ठरवावी लागते. ते काम लेखकानं तुमच्यावर सोपवलं होतं. तुम्ही ते केलं नाहीत.

कुणी म्हणेल, बाई, एका कादंबरीवरच्या मताचं एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं. या कथेवरून आपल्याकडे 1975 साली ‘धर्मात्मा’ आला, 2005 साली ‘सरकार’ आला आणि ‘सरकार’ तर थेट मुंबईतच घडतो. कायद्याबाहेर बसून न्याय देणाऱ्या माणसाचं आकर्षण आपल्या मातीतही खोल रुजलंय. गल्लीतला दादा गणपतीला मोठी वर्गणी देतो, कुणाच्या आजारपणात पैसे देतो, आणि त्याच गल्लीतला वडापाववाला त्याला महिन्याला हप्ता देतो. दादाचं कौतुक सगळे करतात, वडापाववाल्याला कुणी विचारत नाही. पुस्तकात डॉनच्या बाजूनं बोलायची सवय लागली की गल्लीतही तीच बाजू घेतली जाते. म्हणून तुमच्या मताची मला फिकीर आहे. तुम्ही हुशार आहात, म्हणूनच रागावतेय.

आता काय करायचं ते सांगते. पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं नवं मत लिहून आणायचं. आधी चार ठिकाणं पुन्हा वाचायची: बोनासेराला बोलावणं येतं ती रात्र, फिलोमेनाची हकिकत, पाच कुटुंबांची बैठक आणि मायकेलची बायको केय चर्चमध्ये प्रार्थना करते तो शेवट. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथं किंमत कोण मोजतंय? त्याचं नाव लिहायचं, पान नोंदवायचं. डॉन तरीही थोर वाटला, तर तसं बेधडक लिहा, मी एक शब्द बोलणार नाही. मात्र त्या नावांची यादी शेजारी मांडून लिहा. ज्यांचे बळी गेले त्यांची नावं न घेता दिलेलं मत मी यापुढे वाचणार नाही.