मातीखालची अमानत

भूतकाळाचा मालक कोण, हा प्रश्न आज आपल्या देशात पुन्हा पुन्हा विचारला जातो. जमिनीखाली जे सापडेल त्यावरून वर राहणाऱ्यांचा हक्क ठरवावा, असे काहींना वाटते. याचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जायला नको. आमच्या भंडारा जिल्ह्यातले पवनी पुरेसे आहे.

वैनगंगेच्या काठचे हे जुने तटबंदीचे गाव. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून सुमारे 40 मीटर व्यासाचा बौद्ध स्तूप निघाला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास 36.6 मीटर आहे, म्हणजे पवनीचा त्याहूनही मोठा. दुसऱ्या एका स्तूपाच्या जागेला लोक सुलेमान टेकडी म्हणतात. खाली स्तूप बुद्धाचे, वर नावे जगन्नाथाची आणि सुलेमानची! शेकडो वर्षे गावाला यात काही वावगे वाटले नाही.

येथील दगडांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत विसमिता नावाची एक स्त्री आहे. आपले दान सर्व जिवांच्या सुखासाठी असावे, एवढीच तिची इच्छा तेथे लिहिलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बाईने सुख मागताना कोणाचा वंश विचारला नाही, धर्म विचारला नाही. मग तिच्या दगडाची राखण करताना आपण का विचारावा?

आपल्यातले काही जण म्हणतात, ‘हा आपला वारसा नाही, आपल्याला काय त्याचे?’ आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक इतिहास शिकवताना हा प्रश्न टाळू शकत नाही. अमानत म्हणजे काय? जी वस्तू आपली नाही आणि तरीही सांभाळायची आहे, ती अमानत. आपल्याच वस्तूची काळजी घेण्यात कसली ईमानदारी? जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन वारंवार सांगतो. पाहायचे तर पाहण्यासारखे काही शिल्लक राहिले पाहिजे. मार्च 2001 मध्ये तालिबानने बामियानच्या बुद्धमूर्ती फोडल्या, तेव्हा त्या डोंगरातून इबरतीचा एक धडाच पुसला गेला. याउलट सुमारे 1030 साली अल-बिरुनीने हिंदुस्थानातील लोकांच्या श्रद्धा त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडल्या. ते करताना त्याने आपला दीन सोडला नाही आणि दुसऱ्याची थट्टाही केली नाही.

पण अमानतीला दुसरी बाजूही आहे. खालच्या थराचा आदर म्हणजे वरच्या थराला बेदखल करण्याचा परवाना नव्हे. 9 नोव्हेंबर 2019 च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, केवळ पुरातत्त्वीय निष्कर्षांवरून जमिनीची मालकी ठरवता येत नाही. निकाल आपल्या बाजूने लागला नाही, तरी हे तत्त्व आपण विसरू नये. खालच्या थरावरूनच हक्क ठरवायचे झाले, तर पवनीत कोणाचे घर शिल्लक राहील?

हे तत्त्व दुसऱ्यांना सांगण्याचा हक्क मात्र आपल्याला कमवावा लागेल. बौद्ध शेजाऱ्याच्या स्तूपाची वीट हलवू नये, असे आपण आपल्या मुलांना शिकवले, तरच आपल्या मशिदीच्या विटेबद्दल आपण बोललेले कोणी मनापासून ऐकेल. शाळेच्या सहली दूरच्या शहरांकडे जातात. एक सहल पवनीलाही जावी. मुलांनी तो विटांचा घेर पाहावा, विसमिताचे नाव वहीत उतरवून घ्यावे, आणि आपण येथे पहिले नाही, शेवटचेही नाही, एवढे घरी येऊन सांगावे.