मासळी घेशील तिथे होडीचा नंबर विचार

चि. बाबूस,


चाकणची नोकरी सोडून मोशी-चिखलीच्या सोसायट्यांत घरपोच मासळी पोचवण्याचा धंदा काढतोयस, हे ताईकडून कळलं. धंद्याला माझा विरोध नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मालवण, रत्नागिरी, अलिबागकडची कितीतरी घरं कारखान्यांच्या आधाराने रुजली आहेत, शिवाय केरळ, बंगाल, ओडिशातून आलेले कामगार आहेत. मासे खाणारा माणूस इथे आहे आणि त्याच्या हातात पगारही आहे. बर्फ, व्हॅन, साफ करणाऱ्या बायका, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी हे गणित तू माझ्यापेक्षा चांगलं मांडशील. मला बोलायचं आहे ते माल कुठून उचलायचा याबद्दल.

बेकायदा मासेमारी म्हणजे समुद्रावरचं भांडण, गस्तीनौका आणि ट्रॉलर यांनी आपसात बघून घ्यायचं, असं इथे बहुतेकांना वाटतं. मला ते पटत नाही. रात्री चोरून मारलेली मासळी सकाळी कोणीतरी रोख पैसे मोजून, काही न विचारता उचलतो, म्हणून ती होडी पुन्हा जाते. आणि तो उचलणारा व्यापारी ती स्वतःसाठी उचलत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या जिवावर उचलतो. उद्यापासून तू त्याचं गिऱ्हाईक होणार आहेस.

अशा चोरीचा एक प्रकार म्हणजे एलईडीची मासेमारी. ती कशी चालते ते ऐक. होडीवर जनरेटर चढवतात आणि पाण्यावर, काही वेळा पाण्याखालीही, प्रखर दिवे सोडतात. उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे बांगडा, तारली, म्हाकूल येतात. थवा दाटला की पर्ससीनचं जाळं त्याच्याभोवती गोल फिरवायचं आणि खालचा दोर आवळायचा. आपल्या मालवणच्या बाजूला रापण ओढायला अख्खी वाडी उतरते आणि मिळेल त्याची वाटणी होते. जो थवा किनाऱ्याशी येऊन रापणीला, गिलनेटवाल्यांना थोडा थोडा मिळाला असता, तो दिव्यांमुळे एका रात्रीत एकाच मालकाच्या होडीत जातो. पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं आंदोलनं करतात ती यासाठी.

कायदा नाही असं समजू नकोस. सागरी मासेमारी नियमनाचा महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा आहे. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राची. त्यामुळे ‘आम्ही बाराच्या बाहेर मारली’ ही पळवाट सर्रास ऐकू यायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीतही एलईडीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलून दंड वाढवला. एलईडीसाठी तो ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातो. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची गस्तही सुरू झाली. हे सगळं चांगलंच आहे. पण ड्रोनला होडी दिसते, घाट चढून आलेल्या क्रेटमध्ये काय आहे ते दिसत नाही.

एक सांगून ठेवतो, पर्ससीनवाला दिसला की गुन्हेगार असं मात्र धरू नकोस. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, परवाना असलेल्या ठरावीक होड्यांना, नेमून दिलेल्या क्षेत्रात पर्ससीनची मुभा आहे. परवाना दाखवणाऱ्याशी व्यवहार करायला हरकत नाही. टाळायचा तो परवान्याचं नाव काढताच विषय बदलणारा.

आता पापलेट, कारण तुझ्या ऑर्डरींत तोच सर्वांत जास्त असणार. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केलं आणि दोनच महिन्यांनी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा अंडी घालायच्या आत जाळ्यात गेलेला असतो. सातपाटी बंदराचं नावच पापलेटवर उभं राहिलं, आणि तिथलेच मच्छीमार पिल्लांच्या मासेमारीविरुद्ध ओरडत आले आहेत, कारण मोठा पापलेट कमी होत गेलेला त्यांनीच आधी पाहिला. तरीही बाजारात तळहातावर मावतील असे पापलेट ‘फ्राय साइज’ म्हणून वाटे लावून विकले जातात आणि स्वस्त मिळाले म्हणून आपण खूश होतो. तू शॉप फ्लोअरवरचा माणूस आहेस. १३५ मिलिमीटरची एक स्टीलची पट्टी कापून घे आणि माल उतरवताना वापर. त्याखालचा पापलेट परत पाठव. दोनदा परत गेला की तिसऱ्यांदा व्यापारी आणणार नाही. सुरमई, बोंबील, कोळंबी यांचे आकारही मत्स्यव्यवसाय विभागाकडून लिहून आण.

न नोंदवलेली मासळी हा याहून मोठा घात आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरांवर नमुने घेऊन देशात किती मासळी उतरली याचा अंदाज बांधते. भरसमुद्रात एका होडीतून दुसरीत गेलेला किंवा एखाद्या खाडीच्या तोंडाशी रात्रीच उतरवून टेम्पोत भरलेला माल त्या अंदाजातून निसटू शकतो. मग समुद्रात उरलं किती याचाही हिशेब चुकतो, आणि किती होड्यांना परवाने द्यावेत हेही चुकतं. युरोपीय संघाने २०१० पासून नियम केला की पकडीचा दाखला असल्याशिवाय समुद्रातली मासळी आत घ्यायची नाही. म्हणून आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या म्हाकूलसोबत कोणत्या होडीने पकडला याचा कागद जातो. तोच म्हाकूल चिखलीत विकला तर कागद नाही. आपल्या माणसाला तो का मिळू नये? चाकणच्या लाइनवर साधा ब्रॅकेट सुद्धा बॅच नंबरशिवाय पुढे सरकत नव्हता, हे तू रोज पाहिलंस. मासळीलाही तेच लाव. नोंदणी झालेल्या होडीवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नंबर रंगवलेला असतो. तो नंबर, बंदर, तारीख, जाळं आणि वजन वहीत उतरव आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीवर छाप. व्यापारी पाच होड्यांचा माल एकत्र करतात, त्यांच्याकडून हे मिळणं अवघड आहे. त्यापेक्षा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडून थेट घे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. त्या दिवसांत कोणी ‘कालच बंदरावर उतरली’ म्हणून ट्रॉलरची ताजी सुरमई देऊ लागला तर घेऊ नकोस. धंदा बंद ठेवायचीही गरज नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, त्यानंतरचा तिकडचा माल रास्त असतो. उजनीचा चिलापी, कटला भिगवणहून येतो. सोडे, सुकट, सुके बोंबील यांना तर पावसाळ्यातच खरी मागणी. गिऱ्हाइकाला सरळ सांग की बंदी आहे, अमुक मासा ऑगस्टमध्ये मिळेल. श्रावणात निम्मी घरं तसंही मासे खात नाहीत, थांबणं आपल्या लोकांच्या अंगवळणी आहे.

माल महाग पडेल. शेजारच्या दुकानापेक्षा तुझा पापलेट किलोमागे जास्त दराने जाईल आणि सुरुवातीला लोक कुरकुरतील. नफा कमी धर, पण दर पाडण्यासाठी चोरीच्या मालाकडे वळू नकोस. कारखान्यातला माणूस तपासलेल्या मालाची किंमत जाणतो, त्याला वही उघडून दाखव.

ऑगस्ट उजाडायच्या आत सातपाटी, हर्णै आणि मालवणला जाऊन ये. लिलाव बघ, संस्थेच्या लोकांशी बोल, होड्यांचे परवाने डोळ्यांनी पाहा. पहिल्या खेपेचे पैसे मी घालतो. अट एकच आहे: ज्या मासळीच्या होडीचा नंबर ठाऊक नाही, ती तुझ्या व्हॅनमध्ये चढता कामा नये.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा