हीट नंबर

रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका रोलिंग मिलच्या मालकांनी माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. नागपूरच्या निर्यातदाराकडून आलेला. मूळ मागणी युरोपातल्या खरेदीदाराची. मिलची क्षमता, अँगल-चॅनेलची मापे, भट्टीचे इंधन, इथपर्यंतचे रकाने त्यांनी भरले होते. पुढचा रकाना विचारत होता : बिलेट (मिलमध्ये लाटायचा पोलादी ठोकळा) कोणत्या कारखान्यात ओतले, त्यातले स्पंज आयर्न कोणाच्या भट्टीतले, आणि त्या भट्टीत टनामागे किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला? बिलेट ते चार ठिकाणांहून घेतात, जिथे भाव जमेल तिथून. पेन खाली ठेवून ते खिडकीतून यार्डाकडे बघत राहिले.

आपल्या तंत्रज्ञान कंपन्या जागतिक बाजारात उतरायला कितपत तयार आहेत, ही चर्चा आपण बहुधा पुण्या-बंगळुरूकडे बघत करतो. मला ती या कोऱ्या रकान्यापाशी करायची आहे. उरला आणि शेजारचे सिलतरा इथे जे चालते तेही तंत्रज्ञानच आहे, आणि अवघड आहे. लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट एका लांबलचक, किंचित उतरत्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यात घालायचे. हजार अंशांच्या आसपास तापमान राखायचे. खनिज वितळू न देता त्यातला प्राणवायू काढून घ्यायचा, की स्पंज आयर्न तयार. तापमान थोडे चढले तरी आत माल चिकटून कडी धरते आणि भट्टी बंद ठेवावी लागते. भारतात नैसर्गिक वायू कमी आणि कोकिंग कोळसाही तुटपुंजा, म्हणून साध्या कोळशावर चालणारी ही पद्धत इथे रुजली, आणि भारत जगातला सर्वांत मोठा स्पंज आयर्न उत्पादक झाला. भट्टीतून निघणाऱ्या तप्त वायूंवर बॉयलर चालवून वीज काढायचे कसबही इथल्या लोकांनी आत्मसात केले. रोजच्या 100 टनांच्या भट्टीमागे साधारण 2 मेगावॉट वीज मिळते.

एखादे तंत्रज्ञान किती पिकले आहे हे मोजायची नऊ पायऱ्यांची एक शिडी आहे. नासामध्ये 1970च्या दशकात तिची सुरुवात झाली आणि आज ती जगभर वापरतात. त्या शिडीवर उरल्याची भट्टी नवव्या पायरीवर बसेल, कारण ती वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालते आहे. पण ही शिडी यंत्र जोखते. यंत्राच्या मालकाला आपल्या मालाची कुळकथा सांगता येते का, हे ती विचारत नाही. बाजार मात्र आता नेमके तेच विचारतो आहे.

युरोपीय संघाने 1 ऑक्टोबर 2023 पासून सीमेवरच्या कार्बन-कराची नोंदणी सुरू केली आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याला पैशांची जोड दिली. लोखंड-पोलाद त्यात आहेच. बारकावा असा, की पोलादात घालायच्या मिश्रधातूंपैकी फेरो मँगनीज यादीत आहे, सिलिको मँगनीज नाही. एकाच गल्लीतल्या दोन भट्ट्यांचे नशीब एका ओळीने वेगळे होते. पडताळलेला खरा आकडा देता आला नाही तर ठरवून दिलेला आकडा लागतो, आणि तो आपल्या सोयीचा नसतो. बिलेटसाठी स्पंज आयर्न वितळवणारी इंडक्शन फरनेस विजेवर चालते, तिचा स्वतःचा धूर फार नाही; बिलेटच्या अंगावरचा बहुतेक भार येतो तो स्पंज आयर्नच्या भट्टीतून. म्हणजे मिलवाल्याने आपली मिल कितीही नीट ठेवली, तरी त्याची परीक्षा त्याच्या शेजाऱ्याच्या भट्टीत होते. कंपनीची तयारी एकेकटी मोजता येत नाही, ती अख्ख्या गल्लीची मोजावी लागते. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

परका ग्राहक नोंदींवर विश्वास ठेवतो, हे सॉफ्टवेअरवाल्यांना तीस वर्षांपूर्वी कळले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेने बांधलेल्या परिपक्वतेच्या मोजपट्टीवर पाचवी, सर्वांत वरची पातळी मोटोरोलाच्या बंगळुरू केंद्राने 1993 मध्ये गाठली, आणि मग भारतीय कंपन्यांची रीघ लागली. ती पातळी प्रोग्रॅमची हुशारी मोजत नव्हती. काम लिहून ठेवले आहे का, चूक झाली तर तिच्या उगमापर्यंत जाता येते का, हे मोजत होती. भारत कधीही न पाहिलेल्या ग्राहकाने काम दिले ते त्या नोंदींच्या भरवशावर. लोखंडातही आपल्याकडे उदाहरण आहे. पुण्यातल्या मुंढव्याच्या भारत फोर्जने जानेवारी 2004 मध्ये जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाऊस कंपनी घेतली. फोर्जिंगच्या धंद्यात क्रँकशाफ्ट तुटला तर तो पोलादाच्या कोणत्या हीटमधला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या कोणत्या घाण्यातला, हे सांगता यावेच लागते. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्या दारात मोटारकंपनी पुन्हा येत नाही.

मोठ्यांना हे जमते. सिलतऱ्याच्या गोदावरी पॉवर अँड इस्पातकडे आरी डोंगरीची स्वतःची खाण आहे, पेलेट प्लान्ट आहे, भट्ट्या आहेत. खनिजापासून वायरपर्यंतचा हिशेब एका छताखाली लागू शकतो. उरल्यातला लहान मिलवाला तसा नाही. त्याच्या यार्डात चार भट्ट्यांचे बिलेट एका ढिगात पडते, खडूने लिहिलेला हीट नंबर पहिल्या पावसात धुऊन जातो, आणि त्याबरोबर त्या लोखंडाचे कूळही.

युरोपचा हा कार्बन-कर अन्यायाचा आहे, असे इथे अनेक जण म्हणतात. मलाही तसेच वाटते. दोन शतके कोळसा जाळून श्रीमंत झालेल्यांनी आता रायपूरच्या धुराचे बिल पाठवावे, यात न्याय नाही. पण उरल्याशेजारच्या बिरगावात सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर भट्ट्यांची काळी भुकटी बसते, ती झाडणाऱ्या बाईला ब्रुसेल्स माहीत नाही. त्या भट्ट्यांचे मोजमाप तिच्यासाठी आधी व्हायला हवे होते. ते आपण केले नाही, आणि परक्या खरेदीदाराने विचारल्यावर धावपळ सुरू झाली, याचे मला दुःख आहे. आता देशातही हाच प्रश्न आला आहे. डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या केली : टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड. आज ना उद्या सरकारी पुलाच्या सळईलाही हेच विचारले जाईल.

रायपुरातच ज्या महाविद्यालयाची पायाभरणी 1956 मध्ये खाणकाम आणि धातुशास्त्र शिकवण्यासाठी झाली, ते आजचे एनआयटी. उरल्यापासून ते काही किलोमीटरवर आहे. तिथली मुले बंगळुरूच्या मुलाखतींची तयारी करत असताना इथला मिलवाला पडताळणीसाठी दूरच्या शहरातल्या सल्लागाराला पैसे मोजतो. वीस-पंचवीस कारखान्यांनी मिळून एक प्रयोगशाळा काढावी, कोळसा-खनिजाचे नमुने तिथे तपासावेत, भट्ट्यांच्या वजनकाट्यांचे आकडे एका वहीत यावेत आणि ती वही विद्यार्थ्यांनी सांभाळावी, हे अशक्य नाही. अडते ते पैशापाशी नाही. आपल्या भट्टीचा आकडा शेजाऱ्याला कळू द्यायची इथे सवय नाही.

काही आठवड्यांनी मी पुन्हा त्या मिलमध्ये गेलो. यार्डातल्या एका ढिगाचे चार ढीग झाले होते, प्रत्येक पुरवठादाराचा वेगळा. तिघांच्या बिलेटांच्या टोकांना पांढऱ्या ऑइलपेंटने हीट नंबर घातले होते. चौथ्या ढिगावर काहीच नव्हते. भाव त्याचाच सर्वांत कमी, आणि भट्टीचे कागद द्यायला तो अजून राजी नव्हता.