सांगून केलेली प्रीती खरी कशी?

आजचे वाचन: रोमकरांस पत्र १२:९, फिलिप्पैकरांस पत्र १:९-१०



आजचं वचन लहान आहे. एका श्वासात वाचून होतं. पौल म्हणतो, प्रीती नाटकी नको; जे वाईट आहे ते नकोसं वाटलं पाहिजे; जे चांगलं आहे ते घट्ट धरायचं. यातल्या पहिल्या भागासाठी मूळ ग्रीकमध्ये एक छान शब्द आहे, 'अनुपोक्रितोस'. 'हुपोक्रितेस' म्हणजे रंगमंचावरचा नट. ग्रीक नट मुखवटा घालून उभा राहायचा. तो रडायचा तेव्हा मुखवटा रडायचा, आतला माणूस रडत असेलच असं नाही. पौलाला अशी मुखवट्याची प्रीती मंडळीत नको आहे.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. अडचण पुढे आहे, आणि ती मला ज्याने दाखवली तो ख्रिस्ती नाही, किंबहुना देवधर्म फारसा मानतच नाही. तो माझ्या टीममध्ये आहे. आमचं ऑफिस अंधेरीला सीप्झमध्ये. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे कोण जाणे, पण सीप्झच्या कंपाउंडच्या आत १५७९ साली पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेल्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. १८४० मध्ये साथ आली, गावकरी मरोळला गेले, आणि चर्चही तिकडेच गेलं. जुन्या भिंती मागे राहिल्या. त्या पडक्या चर्चवरून जेवताना विषय निघाला आणि तो म्हणाला, "अरे, तुमच्याकडे प्रेम करा अशी आज्ञाच आहे ना? मग मॅनेजरने सांगितलं म्हणून मी टिकेट क्लोज करतो आणि देवाने सांगितलं म्हणून तू प्रेम करतोस, यात फरक काय? सांगून केलेलं प्रेम म्हणजे नाटकच की."

प्रश्न रास्त आहे. संडेस्कूलमध्ये शिकलेलं उत्तर जिभेवर तयार होतं: पवित्र आत्मा आपल्या अंतःकरणात प्रीती ओततो, रोमकरांस ५:५. ते खरंच आहे. पण मुलुंड ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रोने मरोळ नाका आणि मग शेअर रिक्षा, असं करत मी ऑफिसला पोचतो आणि समोर तोच माणूस बसलेला असतो ज्याने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलंय. तेव्हा आत काहीही ओतल्यासारखं वाटत नाही. त्या सकाळी मी त्याच्याशी नीट वागलो, तर ती प्रीती की मुखवटा?

लूकच्या १० व्या अध्यायातला शोमरोनी बघा. त्याच्या भावनेबद्दल प्रभू येशू अगदी थोडकं सांगतो: त्याला कळवळा आला. एवढंच. त्यानंतर सगळी कामांची यादी आहे. जवळ जाणं, जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचं जनावर, उतारशाळा, रात्रभर देखभाल, सकाळी दोन दीनार. मत्तयाच्या २० व्या अध्यायात मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे, म्हणजे दोन दिवसांचा पगार. आणि यानंतरची गोष्ट आपण उपदेशात फारशी ऐकत नाही: तो निघून गेला. त्याला त्याचं काम होतं. त्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या मालकाच्या हवाली केलं, परत येताना हिशेब पुरा करीन म्हणाला आणि वाटेला लागला. पट्ट्या बांधताना त्याचा कळवळा पहिल्याइतकाच होता का, की तो वैतागला होता, उशीर झाला म्हणून घड्याळ (असतं तर) बघत होता, हे येशूने सांगितलेलंच नाही. शेजारी कोण ठरला, या प्रश्नाला त्याची गरजच पडली नाही.

रात्री तीन वाजता रडणाऱ्या बाळासाठी उठणाऱ्या आईला त्या क्षणी काय वाटत असतं? झोप. फक्त झोप. तिला ढोंगी कोण म्हणेल?

म्हणजे मन आणि हात यांच्यात अंतर आहे म्हणून कुणी ढोंगी ठरत नाही. मत्तय ६ मध्ये येशू हाच नटाचा शब्द वापरतो, पण कुणासाठी? लोकांनी बघावं म्हणून दान देणाऱ्यांसाठी. तिथे पैसे खरेच दिले जातात, गरिबाचं पोटही भरतं. मग खोटं काय? काम गरिबासाठी चाललंय असं दिसतं, पण ते चाललेलं असतं प्रेक्षकांसाठी. म्हणून प्रीती खरी की नाटकी हे बघायचं असेल तर मला आतून काय वाटतंय हे मी आधी विचारत नाही. मी विचारतो, हे कोणासाठी चाललंय? मला न आवडणाऱ्या माणसाचा बिल्ड अडकला आणि मी रात्री बसून तो सोडवून दिला, तर ते त्याच्यासाठी आहे, मन कितीही कुरकुरलं तरी. उलट अप्रेझलमध्ये ज्युनियरला "छान चाललंय" म्हणून गोड हसलो आणि त्याचं काम कच्चं आहे हे लपवलं, तर ते माझ्यासाठी आहे. मी चांगला सीनियर दिसावा म्हणून. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल कितीही माया वाटो.

आपल्या मराठी मंडळीत याचा एक असा दाखला आहे की त्याबद्दल जरा सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. सोवळंओवळं सांभाळत, स्वतःचा धर्म पाळत त्या टिळकांच्या घरी राहिल्या. हे घर डोळ्यांपुढे आणा. एकाच छपराखाली नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. दोघांपैकी एकाने थोडं नाटक केलं असतं तर किती सोपं झालं असतं! तिने नवऱ्याच्या सुखासाठी होकार द्यायचा, किंवा त्याने मिशनऱ्यांपुढे मान राहावी म्हणून तिला ओढत न्यायचं. दोघांनीही ते केलं नाही. जातपात माणसाने केली, देवाने नाही, या निर्णयाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्यात नवऱ्यावरचा रागही आहे, भांडणंही आहेत, आणि हसून हसून पुरेवाट होईल असे प्रसंग आहेत. संसार रागालोभाचा होता, मुखवट्याचा नव्हता. आपल्याकडे कुणी प्रार्थनासभेला पहिल्यांदा आला की तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडून साक्ष ऐकायची आपल्याला घाई असते. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली.

आता वचनाचा उरलेला भाग, जो आपण बहुतेकदा वगळतो. प्रीतीला लागूनच पौल वाईट आणि चांगलं यांतला भेद आणतो. फिलिप्पैच्या मंडळीसाठी तो मागतो की त्यांची प्रीती वाढावी, पण ज्ञानात आणि पारखीत वाढावी. 'पारख' यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो इंद्रियांच्या जाणिवेचा आहे. भाजीत मीठ जास्त झालंय हे जिभेला कळतं तसं. पौलाच्या लेखी आंधळी प्रीती ही अजून न वाढलेली प्रीती आहे.

पंडिता रमाबाईंकडे ही पारख होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली सोबत घेऊन आल्या. त्यांतून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. पोरींना बघून कुणाचंही मन द्रवलं असतं. रमाबाईंनी पुढचा विचार केला: या मुली उद्या कशावर जगतील? म्हणून शेती, विणकाम, दूधदुभतं, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल. आणि साध्या बायकांना कळेल असं पवित्र शास्त्र हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अख्ख्या बायबलचं भाषांतर करून १९२२ मध्ये त्या गेल्या. ते १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघालं. क्रियापदांची रूपं पाठ करत बसणं कुणाला प्रेमाचं काम वाटेल? मला वाटतं. मी कोड लिहिणारा माणूस आहे, कंटाळवाण्या कामात कुणाचा तरी विचार असतो हे मला ठाऊक आहे.

पण पुस्तकातली पारख सोपी आणि आपल्या दारातली कठीण. आमच्या तरुण संघातल्या एका मुलाचं सांगतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. घरात आई आणि शाळेत जाणारी बहीण. मोबाइलवरच्या सट्ट्यात पैसे गेले, ते फेडायला लोन ॲप, ते फेडायला दुसरं ॲप. त्याने आमच्याकडे चाळीस हजार मागितले. आम्ही गप्प बसलो तेव्हा त्याने लूक ६:३० काढलं. मागणाऱ्याला द्यायचं असं येशूनेच सांगितलंय ना, भाऊ?

सांगितलंय. आणि त्याच पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या ६ व्या अध्यायात दुसऱ्याच्या कर्जात अडकलेल्याला सांगितलंय की झोपू नकोस, आधी स्वतःला सोडव. वचनाला वचन लावून हा हिशेब सुटत नाही. आम्ही तिघं जण बसलो आणि ठरवलं: रोख एक रुपया नाही. बहिणीची फी दर महिन्याला थेट शाळेत. घरचा किराणा वाण्याकडे परस्पर. ॲपवाले धमक्या देत होते, त्यासाठी १९३० ला फोन करायला आणि पोलिसांत जायला त्याच्यासोबत कुणीतरी येईल. त्याने पहिली आणि शेवटची गोष्ट ऐकली आणि निघून गेला. तेव्हापासून तो उपासनेला येत नाही. आई येते, पण माझ्याशी तुटक बोलते.

ही प्रीती होती का? चाळीस हजार यूपीआय केले असते तर मंडळीत आमचं नाव झालं असतं, निदान त्याच्या घरात तरी. नकाराला टाळ्या मिळत नाहीत. पण म्हणून नकार खरा ठरत नाही. चिक्कू माणूसही शहाणपणाचंच नाव घेतो. ज्या नकारात माझं काहीच जात नाही, त्याला मी पारख म्हणताना दहा वेळा विचार करीन. फी माझ्यासाठी म्हणून महत्त्वाची आहे. ती दर दहा तारखेला जाते, आणि खरं सांगतो, भरताना मनात कळवळा नसतो. त्याचा राग येतो. तरीही आमचा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

अडलंय ते पुढे. आता त्याच्या घरी जायचं का? आमच्यातल्या एकाचं म्हणणं, जाऊ या, पैशांचा विषयही काढायचा नाही, नुसता चहा पिऊन येऊ. दुसऱ्याला वाटतं की आपण दिसलो की त्याला मागणं आठवेल आणि त्याची लाज वाढेल. मी पहिल्याच्या बाजूचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी घाटकोपरला तिघं पुन्हा बसतोय. प्रार्थनेत आठवण ठेवा, नाव लागत नाही.

उद्याचे वाचन: रोमकरांस पत्र १२:१०